ज्ञानेश्वरांचा योग आणि आपला 'योगा'

शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. देवगिरीवर रामदेवराव यादवांचे राज्य होते. प्रवरेच्या काठी नेवाशाला, करवीरेश्वराच्या देवळात, एका दगडी खांबाला पाठ टेकून जेमतेम पंधरा वर्षांचा मुलगा गीतेचा अर्थ मराठीत सांगत होता आणि सच्चिदानंद बाबा तो लिहून घेत होते, असे परंपरा सांगते. नेवाशाला तो खांब आजही उभा आहे. 'पैसाचा खांब' म्हणून लोक त्याचे दर्शन घेतात. त्यावर कोरलेला लेख मात्र त्या मुलाविषयी नाही. देवापुढे अखंड दिवा तेवत राहावा म्हणून तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे.

तो मुलगा म्हणजे ज्ञानेश्वर. नेवाशात सांगितलेल्या त्या सुमारे नऊ हजार ओव्यांचे आज गावोगावी पारायण होते. त्यातल्या सहाव्या अध्यायात योगाचा अभ्यास जितक्या बारकाईने सांगितला आहे, तितका जुन्या मराठीत क्वचितच आढळतो. पण २१ जूनला मैदानात चटई अंथरून आसने करणाऱ्या आणि त्यालाच योग समजणाऱ्या कुणी तो अध्याय उघडला, तर आपण भलत्याच विषयाचे पुस्तक तर हाती घेतले नाही ना, असे त्याला वाटेल. त्यात ना आसनांची मालिका आहे, ना सूर्यनमस्कार. वजन कमी होण्याची किंवा गुडघे बरे होण्याची हमी तर नाहीच. हा फरक समजून घ्यायचा तर हा योग या मुलाच्या हाती कसा आला, इथून सुरुवात करावी लागते.

ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत पैठणजवळच्या आपेगावचे. लग्न झाल्यावर ते काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. पुढे गुरूंना त्यांच्या लग्नाची गोष्ट कळली आणि त्यांनी विठ्ठलपंतांना घरी परत पाठवले. संन्यास मोडून संसारात आलेल्या या माणसाला आळंदीच्या समाजाने वाळीत टाकले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार मुले 'संन्याशाची पोरे' म्हणून वाढली. मुलांच्या मुंजीचा प्रश्न आला तेव्हा आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले आणि त्या दोघांनी ते घेतले, अशी कथा आहे. थोरला निवृत्ती तेव्हा फार तर दहा-बारा वर्षांचा असेल.

याच निवृत्तीला त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथ भेटले. नाथपंथाचा योग त्यांनी निवृत्तीला दिला आणि निवृत्तीने तो धाकट्या भावाला. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी ही परंपरा ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी स्वतःच सांगितली आहे. नाथांचा हा प्रदेश अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, नवा नाही. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची समाधी आहे आणि तिथली यात्रा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. या पंथातले योगाचे ज्ञान गुरूने शिष्याच्या कानात सांगायचे असे. ज्याची मुंजसुद्धा होऊ दिली नव्हती, त्या मुलाने ते नेवाशाच्या देवळात, सगळ्यांना कळेल अशा भाषेत उघडे केले. धर्माच्या इतिहासात या गोष्टीचे मोल मोठे आहे. आरोग्याच्या इतिहासातही ते कमी नाही, कारण त्यामुळे सातशे वर्षांपूर्वी योगी नेमके काय करत होते, याचा तपशील मराठीत शिल्लक राहिला.

गीतेतल्या मोजक्या श्लोकांवर ज्ञानेश्वरांनी केलेले हे वर्णन जागेपासून सुरू होते. जागा अशी हवी की तिथे बसल्यावर उठावेसे वाटू नये. जवळ पाणी, दाट झाडी, मंद वारा, फार गलका नाही. एखादे शिवालय किंवा मठी असली तर उत्तमच. तिथे दर्भ, त्यावर मृगाजिन आणि त्यावर धुतलेल्या वस्त्राची घडी. आसन फार उंच नको, कारण अंग डोलेल. फार खाली नको, कारण जमिनीचा दोष लागेल. मग गुरूचे स्मरण करून बसायचे. टाचेने शिवणीवर दाब द्यायचा, हा मूळबंध. हनुवटी कंठाच्या खळगीत घट्ट बसवायची, हा जालंधर. पोट आत ओढून घ्यायचे, हा उड्डियान. नजर अर्धी मिटलेली, नाकाच्या शेंड्याशी. बसण्याची रीत ही एवढीच.

पुढे जे घडते ते सांगताना ज्ञानेश्वरांची वाणी विलक्षण होते. कोंडलेला प्राण आत उलटतो आणि नाभीखाली निजलेली कुंडलिनी जागी होते. कुंकवात न्हालेल्या नागाच्या पिल्लासारखी ती दिसते. ती भुकेली असते. शरीरातले मांस, रक्त, मज्जा, सगळे ती खात सुटते. तळहात-तळपायही सोडत नाही. शरीर वाळून जाते, आणि मग आतून अमृत झिरपून नवे शरीर घडते. कातडी कात टाकल्यासारखी गळते, कांती झळकते, नवे दात, नवी नखे येतात. योग्याला समुद्रापलीकडचे दिसते, मुंगीच्या मनातले कळते. पण ज्ञानेश्वर तिथेही थांबत नाहीत. या सिद्धी वाटेवरच्या म्हणून ते त्या मागे टाकतात. पृथ्वी पाण्यात, पाणी तेजात, तेज वायूत आणि वायू आकाशात विरतो. शेवटी योग करणारे शरीर म्हणून काही उरतच नाही.

या योगाला शरीर टिकवायचे नव्हते, ते विरघळवायचे होते. आजचा योग ते टिकवण्यासाठी आहे. दोन्हींत पाठ ताठ ठेवतात, दोन्हींत श्वासाकडे लक्ष देतात, एवढ्यावरून त्यांना एकच मानण्याची घाई होते. यात कमी-जास्त ठरवण्याचे कारण नाही. पण आपण कोणता करतो आहोत, हे करणाऱ्याला माहीत असावे.

आजच्या योगाचा इतिहास खरे तर फार जुना नाही. पतंजलीच्या सूत्रांत एकाही आसनाचे नाव नाही. बसणे स्थिर आणि सुखाचे असावे, एवढीच तिथे अपेक्षा. ज्ञानेश्वरांनंतर, पंधराव्या शतकाच्या सुमारास झालेल्या हठप्रदीपिकेत १५ आसने येतात. घेरंडसंहितेत ती ३२ होतात. बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६ सालच्या गाजलेल्या पुस्तकात आसनांची संख्या २०० आहे. मधल्या काळात व्यायामशाळा आल्या, शाळेतली कवायत आली, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा जोरदार प्रसार केला. म्हैसूरला कृष्णम्माचार्यांनी आसनांचे जोरकस वर्ग घेतले. अय्यंगार त्यांचेच शिष्य; ते १९३७ मध्ये पुण्याला आले आणि पुण्याचेच झाले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी एक्स-रे यंत्र आणि दाबमापक घेऊन योगाकडे पाहिले. उड्डियान आणि नौली करताना आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले. योग दवाखान्यात आला तो अशा माणसांमुळे. त्याचा फायदाही झाला. जुनाट कंबरदुखीवर योग हा एक उपचार म्हणून अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या शिफारशींतही आहे. रक्तदाब, झोप, मनावरचा ताण यांनाही नियमित अभ्यासाने थोडीफार मदत होते. थोडीफार, हा शब्द महत्त्वाचा. त्यावर विसंबून रक्तदाबाची गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करणारे काही लोक अतिदक्षता विभागात पोहोचतात.

अडचण होते ती या दोन योगांची सरमिसळ झाली की. फिरायला जाणाऱ्यांचा गट जमतो, कुणीतरी मोबाइलवर पाहिलेले असते, आणि साठी ओलांडलेला, रक्तदाब असलेला माणूस श्वास कोंडून, हनुवटी दाबून, पोट आत ओढून बसतो. श्वास कोंडून जोर केला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, आणि श्वास सोडल्यावर रक्तदाब एकदम उसळतो. तरुण, निरोगी माणसाला हे सोसते. हृदयविकार, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर हे टाळावे. डोके खाली, पाय वर अशा आसनांत डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून काचबिंदू असलेल्यांनी ती करू नयेत. जोरजोरात भराभर श्वास टाकण्याच्या प्रकारानंतर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरल्याची एक घटना २००४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. अशा घटना अगदी विरळ आहेत. पण ज्ञानेश्वरांनी हे सारे गुरूच्या देखरेखीखालचे म्हणून सांगितले होते, हे वाचताना नजरेआड होते.

आणि खुद्द सहाव्या अध्यायात अर्जुनही बिचकतोच. हे सगळे ऐकून तो विचारतो की मुळात योग्यताच नसलेल्या माणसाला हे जमेल का. त्याला मिळणाऱ्या उत्तराचा भाग पारायणात भराभर वाचून होतो, पण रोग्यांच्या आणि निरोग्यांच्या कामाचा तोच आहे. योग्यतेची कुठे खाण नसते, असे ज्ञानेश्वर म्हणवतात. थोडा विरक्त असलेला, आपली कामे नीट करणारा माणूस असला तरी तो पात्र. मग पथ्य येते. जो जिभेचा गुलाम झाला किंवा झोपेला विकला गेला, त्याचे हे काम नव्हे. पण जो हट्टाने तहानभूक कोंडतो, अन्न तोडतो, झोपेच्या वाटेलाही जात नाही, त्याचेही नव्हे. अशाला स्वतःचे शरीरच ताब्यात नाही, तो योग काय ताब्यात आणणार? अन्न खावे, पण मापाने. बोलणे मोजके, चालणे मोजके. झोपेला तिच्या वेळी मान द्यावा, आणि जागणेही बेताचेच असावे. असे राहिले की शरीरातल्या धातूंचे साम्य आपोआप साधते.

धातुसाम्य हा आयुर्वेदातला शब्द. शरीर आतून आपला तोल राखते, ही कल्पना आधुनिक शरीरशास्त्रालाही मध्यवर्ती आहे. शब्द वेगळे, स्पष्टीकरण वेगळे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टर जे सांगतो, ते यापेक्षा फार निराळे नसते. आणि गंमत अशी की जुन्या योगाने केवळ पायरी मानलेला हा भागच नव्या योगाच्या खऱ्या कामाचा आहे. वर्गात तो शिकवायला कुणी फारसा वेळ देत नाही. कसा देणार? वेळेवर झोपण्याचे छायाचित्र काढता येत नाही.

योगाने मिळणाऱ्या ताकदीविषयी ज्ञानेश्वरांना काय वाटत होते, हे कळते ते चांगदेवांच्या कथेतून. चांगदेव पुणतांब्याचे, गोदावरीच्या काठचे. हे गावही याच जिल्ह्यातले. मरणाची घटका आली की ते प्राण टाळूशी चढवून बसत आणि काळ टळला की खाली उतरवत. असे त्यांनी चौदा वेळा केले आणि चौदाशे वर्षे जगले, अशी कथा आहे. वैद्यकाला चौदाशे वर्षांविषयी काही म्हणता येणार नाही. पण हृदय थांबवण्याच्या दाव्याची तपासणी झालेली आहे. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे संशोधक भारतात आले आणि त्यांनी असे दावे करणाऱ्या योग्यांचे हृदयाचे आलेख काढले. श्वास कोंडून छातीत दाब वाढवला की मनगटाची नाडी लागेनाशी होई, कानाला ठोके ऐकू येईनासे होत. हृदय मात्र आलेखावर धडधडत होते. १९६१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत रामानंद नावाचे योगी हवाबंद पेटीत बसले. त्यांच्या शरीराची ऑक्सिजनची गरज नेहमीपेक्षा बरीच खाली आली. म्हणजे अभ्यासाने शरीराचा खर्च कमी करता येतो. पूर्ण बंद मात्र करता येत नाही.

ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजल्याची कथाही सर्वांना माहीत आहे. हिमालयातल्या तिबेटी साधकांवर हर्बर्ट बेन्सन यांनी केलेला एक अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्यानात त्यांच्या हातापायांच्या बोटांचे तापमान ८.३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढले होते. मांडा भाजायला एवढ्याने भागत नाही. पण कुंभारांनी खापर द्यायचे नाही म्हणून गावाने अडवलेल्या चार अनाथ मुलांची ती कथा आहे. तिला तापमापी लावणे अरसिकपणाचे होईल.

तर या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून पत्र लिहायला घेतले. पण मायना काय लिहावा? वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठा. शेवटी कोराच कागद पाठवला. चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला, असे चिमुरडी मुक्ताई हसून म्हणाली. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल ६५ ओव्या लिहिल्या, त्या 'चांगदेव पासष्टी' म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यात श्वास, बंध, कुंडलिनी यांतले काही नाही. पाहणारा आणि दिसणारे जग वेगळे नाहीत, एवढेच त्यात समजावले आहे. पुढे चांगदेवांनी मुक्ताईला गुरू केले. चौदाशे वर्षांच्या योग्याची गुरू एक लहान मुलगी. ही कथा रचणाऱ्यांना दीर्घायुष्याच्या योगाविषयी काय म्हणायचे होते, ते पुरेसे स्पष्ट आहे.

स्वतः ज्ञानेश्वरही बाराव्या अध्यायापर्यंत येता येता आपल्या श्रोत्यांना त्या कठीण वाटेवरून बाजूला नेतात. बंध बांधून, तहानभूक मारून निर्गुणाकडे जाणाऱ्यांच्या वाट्याला किती कष्ट येतात हे ते रंगवून सांगतात आणि भक्तीचा रस्ता मोकळा असल्याचे दाखवतात. हरिपाठात तर योग-यागांच्या खटपटीला ते नामापुढे फारशी किंमत देत नाहीत. ज्याने सहावा अध्याय सांगितला त्यानेच हे सांगावे, याचे आश्चर्य वाटते. पण समोर बसणारे लोक कोण होते हे पाहिले की उलगडा होतो. शेतकरी, कारागीर, घरात राबणाऱ्या बाया. त्यांना मृगाजिन कुठून मिळणार आणि एकांत तरी कुठला?

इथे एक छोटा अभ्यास आठवतो. इटलीतल्या बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक तिबेटी मंत्र म्हणवून घेतला. तो २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. दोन्हींमध्ये माणसांचा श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाबाचा तोल सांभाळणारी शरीरातली यंत्रणा अधिक तत्पर झाली. श्वास कुठेही कोंडलेला नव्हता. अभ्यास लहान होता आणि टाळ-मृदंगासोबत म्हटलेला हरिपाठ त्यात नव्हता, तेव्हा फार पुढचे बोलू नये. पण ज्याला श्वासाचा व्यायाम करायचा आहे आणि ज्याचे हृदय नाजूक आहे, त्याने कोंडण्याऐवजी श्वास सावकाश सोडावा, हा सल्ला देताना डॉक्टरला अवघडावे लागत नाही.

नेवाशाहून ही भावंडे आळंदीला परतली. 'अमृतानुभव' झाला, नामदेवांबरोबर तीर्थयात्रा झाली. आणि शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, १२९६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत त्या दिवसाचे वर्णन आहे. निवृत्तिनाथांनी हात धरून धाकट्या भावाला आत नेऊन बसवले आणि बाहेर येऊन दाराला शिळा लावली. या घटनेविषयी वैद्यकाला सांगण्यासारखे काही नाही. झिजलेले शरीर नवे करणारा योग ज्याच्या मुखातून मराठीला मिळाला, त्याने स्वतःसाठी आयुष्य वाढवून मागितले नाही, एवढीच नोंद करता येते.

थोड्याच काळात सासवडला सोपानदेव, खानदेशात मुक्ताबाई आणि त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ यांच्याही समाध्या झाल्या. चांगदेवांची समाधी पुणतांब्याला, गोदावरीच्या काठी आहे.